पत्र्यातली आई

माझ्या आईचं चालतंफिरतं चित्रण जगात एकच आहे, आणि त्यात ती माणसं मारते. शिवाय ती दिसत नाही, कारण ती कूलरच्या पत्र्याच्या आत आहे. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून गप्प बसतात. पूर्वी मी हसणाऱ्यांवर चिडायची. आता चहा ठेवते आणि पहिल्यापासून सांगते.

अमरावतीला राजापेठेत बाबांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक गाळा. पुढे धबधब्याचं चित्र असलेला पडदा, मागे लाल बल्बची अंधारी खोली. खरं काम लग्नांचं. मोर्शीकडच्या संत्र्यावाल्यांची लग्नं बाबा दोन-दोन, तीन-तीन कॅसेटींत बसवत. निम्म्या जिल्ह्यातल्या बायका त्यांच्या कॅमेऱ्यासमोर लाजल्या, रडल्या, जेवताना तोंड फिरवून बसल्या. कॅमेऱ्यात आली नाही ती फक्त घरातली एक बाई. आई बाबांपेक्षा बोटभर उंच होती. लग्न ठरताना यावरून कुणीतरी काहीतरी बोललं होतं म्हणे, आणि तेव्हापासून ती जी पाठ वाकवून चालायला लागली ती कायमचीच. बाबांनी कॅमेरा तिच्याकडे वळवला की म्हणायची, "माहा काय फोटो काढता? रोल वाया जाईन." आणि पदर तोंडावर. बाबा हसून कॅमेरा खाली करत. लग्नाच्या फोटोत ती आहे, पण मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान यापलीकडे त्यात कुणाला काही दिसलं तर मलाही सांगा.

मग ती वाईट वर्षं आली. कापसाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी नव्याने सांगत नाही. आमच्या घरात ती वर्षं लग्नांच्या वाटेनं आली. लग्नं होत होती, पण देवळात, चार माणसांत. "फोटो पुरे, शूटिंग राहू द्या" हे ऐकून ऐकून बाबांनी विचारणंच सोडून दिलं. त्याच सुमारास बाहेरगावचे चॅनलवाले अमरावतीत उतरू लागले. त्यांना गावं ठाऊक असलेला कॅमेरावाला लागायचा, म्हणून बाबा त्यांच्याबरोबर गेले. ज्या घरातला माणूस फवारणीचं औषध पिऊन गेला त्या घरात शिरायचं आणि त्याच्या बायकोला बोलतं करायचं, असं ते काम होतं. एका घरी बाई पदर तोंडावर घेऊन बसलेली. चॅनलवाला म्हणाला, "ताई, पदर जरा बाजूला घ्या, चेहरा येत नाही." तिनं नाही म्हटलं. त्यानं पुन्हा म्हटलं. बाबांनी कॅमेरा बंद केला, फाट्यापर्यंत चालत आले आणि एसटी धरून घरी. त्या संध्याकाळी जेवताना आईला एवढंच म्हणाले, "आता मी कोन्या बाईले दोनदा म्हननार नाई. तिनं एकदा नाई म्हटलं त नाई."

बाबांनी तो शब्द पाळला. मला तेव्हा बाबांचा फार अभिमान वाटला होता.

रिकामा कॅमेरा घरात पडून राहिलेला बाबांना सोसेना, म्हणून त्यांनी सिनेमा काढायचं ठरवलं. गोष्ट त्यांची स्वतःची. पुढच्या काळातली अमरावती, आभाळभर वायरी, प्रत्येकाच्या मानेत एक चिप, आणि शेतात फवारणी करायला बनवलेला एक रोबोट, जो एके दिवशी पिकावरून माणसांवर वळतो. पाठीवर फवारणीचा पंप, डोळ्यांच्या जागी मोटरसायकलचे इंडिकेटर. मरण आलं तर असं यावं, दिसणारं, आवाज करणारं, वायर उपटली की बंद पडणारं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं असं मला आज वाटतं. त्या वेळी मी इतकंच म्हटलं, "बाबा, हा रोबोट आहे की बंबाचा धाकटा भाऊ?" मी हिरॉइन होते, एवढं बोलायचा माझा हक्क होता. रक्त म्हणून गुळाच्या पाकात कुंकू कालवलं होतं, आणि पहिल्याच मुडद्याला मुंग्या लागल्या.

रोबोट आमच्या गल्लीतल्या चाचांनी बनवला. ते कूलर बनवून विकायचे, आणि त्या उन्हाळ्यात कूलरलाही गिऱ्हाईक नव्हतं. व्यायामशाळेतल्या एका उंच पोराच्या मापानं त्यांनी पत्रा कापला. शूटिंगला निघायच्या दोन दिवस आधी तो पोरगा पुण्याच्या कंपनीत लागला आणि निघून गेला. त्या वर्षांत पोरं अशीच जात. बाबा त्या पत्र्याच्या धडाशेजारी डोकं धरून बसले. आई भाकरी थापता थापता उठली, हात पुसत आली, आणि धडाला खांदा लावून पाहिला.

"आतल्याचं तोंड त नाई दिसत ना कोनाले?"

"नाई," बाबा म्हणाले.

"मंग मी घालतो."

बाबांना ते खरं वाटेना. चाचा मात्र लगेच कामाला लागले. "भाभी, अंदर हवा खेळली पाहिजे," म्हणत त्यांनी काखेत आणि पाठीला भोकं पाडली, आतून जुनी चादर लावली. आम्ही सगळं सामान घेऊन अकोल्याला गेलो. आईचं माहेर तिथलं, आणि मामा कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यावर चौकीदार होता. मोडक्या यंत्रांच्या रांगा, लोंबणारे पट्टे होतेच, आणि एका कॉम्प्युटर क्लासनं फेकायला काढलेले मॉनिटर आम्ही त्यात मांडले. अंधाऱ्या खोलीतले लाल बल्ब लावले. खरं सांगते, भीती वाटायची.

आणि त्या लाल उजेडात आई चालत आली ती मला अजून दिसते. पत्र्यात वाकताच येत नसे. इतकी वर्षं दुमडून ठेवलेली आई पहिल्यांदा पूर्ण उभी राहिली होती. मामासुद्धा चमकला. "बापा, ताई एवढी उंच हाये?" मी पळायची, किंचाळायची, आणि ती ताठ मानेनं, हळूहळू, एक-एक पाऊल ठोकत माझ्या मागे यायची. घरात ती कधी अशी चालली नाही. शॉट संपला की ती डोक्याचा डबा काढायची. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, आणि हसत असायची. "लय मजा येऊन राहिली," म्हणायची. पण डबा निघाला की बाबा कॅमेरा बंद करत. टेप फुकट नव्हती, आणि शिवाय तिनं आधीच नाही म्हटलेलं होतं.

शेवटचा प्रसंग जिनिंगच्या ऑफिसात होता. मी कोपऱ्यात दबून बसलेली, रोबोट दार तोडून आत येतो आणि माझा गळा धरतो. बाबांच्या मागे मामा आणि त्याचे दोन-तीन ओळखीचे उभे होते. आईनं दार ढकललं, उंबऱ्यावरून पाय आत टाकला, आणि तिचा उजवा हात डाव्या खांद्याकडे गेला. नसलेला पदर तिनं पुढे ओढून घेतला, नीट बसवला, आणि मग तोच हात माझ्या गळ्याकडे आला. परक्या पुरुषांच्या खोलीत शिरताना ती आयुष्यभर हेच करत आली होती. मी तेव्हा घाबरायच्या नादात होते, मला दिसलं नाही. बाबांना कॅमेऱ्याच्या त्या एवढ्याशा काचेत कळलं नाही. घरी सिनेमाची जोडणी करताना त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर जिनिंगची यंत्रं भंगारात गेली होती आणि पुन्हा शूटिंग करायला जागा उरली नव्हती.

सिनेमा लागला तो अकोल्यालाच, मामाच्या गल्लीतल्या गणपती मंडळात, आरतीनंतर पडद्यावर. बाबा मागे प्रोजेक्टरपाशी, आई आणि मी बायकांत सतरंजीवर. रोबोटच्या आत कोण आहे हे मामा सोडून गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. सुरुवातीला लोक खरंच घाबरले. पोरं आयांच्या मांडीत शिरली. आई अंधारात माझा हात दाबून धरून होती. मग ते दार उघडलं, आणि पुढून कुणीतरी ओरडलं, "अरे पाह्य पाह्य, रोबोट पदर सावरून राहिला!" झालं. सगळी गल्ली जी हसत सुटली ती शेवटच्या पाटीपर्यंत. शेजारची बाई आईच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "काहून वो, याले कोनाच्या सासऱ्याची लाज वाटली?" आईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय करत होती ते मला त्या अंधारात कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मंडळाकडून सीडी परत घेतली. तेवढा तुकडा कापून नवी देतो म्हणाले. त्यानंतर आमच्या घरी त्या सिनेमाचा विषय निघाला नाही. पत्र्याचं धड चाचांनी नेलं, त्याचा पुन्हा कूलर झाला.

आई काही वर्षांनी गेली. पावसाळ्यातला ताप, आधी साधा वाटला आणि मग नव्हता. मोबाईलमध्ये कॅमेरा असणं तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरी आलेलं नव्हतं. तेरवीला फोटो हवा होता, म्हणून मतदार कार्डावरचाच मोठा केला. त्यात आई चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. फोटोग्राफरच्या घरी असा फोटो कसा, असं एका नातेवाइकानं विचारलंच. मी त्याला काही बोलणार होते, तेवढ्यात बाबा उठून आत गेले.

मग मला शूटिंगच्या मूळ कॅसेटी आठवल्या. डबा काढल्यावर बाबा कॅमेरा बंद करत हे खरं, पण एखाद्या वेळी बटण दाबायला उशीर झाला असेल, आणि तेवढ्यात ती हसताना सापडेल. मी पेटी उपसली. कॅसेटींवर चिकटवलेली नावं लग्नांची होती. दिवस थोडे सुधारल्यावर कामं पुन्हा सुरू झाली, तेव्हा बाबांनी नव्या न घेता जुन्याच वापरल्या होत्या. आणि जुन्या कॅसेटी रिवाइंड करून त्यांच्या पिशवीत भरायचं काम आईचं. मी एक-एक लावून पाहिली. आईवरून लोकांच्या वराती गेल्या होत्या. त्या दिवशी मी बाबांवर फार ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं.

आता गोष्ट माझ्या मुलीपाशी येते. ती बारा-तेराची झाली आणि एका वर्षात माझ्या डोक्यावर गेली. वर्गात सगळ्यांत उंच. आणि एक दिवस ती शाळेतून येताना गल्लीच्या टोकापासून मी पाहिलं, पाठ वाकवून, मान आत ओढून, पाय घासत. ताठ चाल म्हणून सांगितलं, रागावले, समजावलं. तिनं खांदे आणखीच आत घेतले. तिनं आजीला पाहिलेलं नाही, आणि भिंतीवरच्या त्या फोटोत उंची येत नाही. मला तिला आई दाखवायची होती, उभी असलेली आई. मी मामाला फोन केला. सीडी त्याच्याकडे होती, बाबांनी नंतर दिलेली. म्हणजे तो तुकडा कापलेली, असं मी धरून चालले. तो तुकडा नसेल तर बाकी सगळा नुसता पत्रा, आत कोण हे सांगायला काहीच नाही.

मामा स्वतः अकोल्याहून सीडी घेऊन आला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही ती लावली. चित्र ठिकठिकाणी अडकत होतं. मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, बाबा खुर्चीत. पहिल्या खुनाला ती मला म्हणाली, "आई, तू किती वाईट ओरडतेस!" मामा हसला. मी हसले नाही, मला त्या दाराची घाई होती. शेवटी ते ऑफिस आलं. दार ढकललं गेलं. पाय आत आला. आणि उजवा हात डाव्या खांद्याकडे गेला.

तुकडा होता, जसाच्या तसा.

मुलगी खो खो हसली. अगदी त्या गल्लीसारखी. मग मागे घेऊन पुन्हा पाहिलं, पुन्हा हसली. तिसऱ्यांदा हसली नाही. टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. "आजी दाराच्या चौकटीएवढी आहे," ती म्हणाली. तिनं कळत-नकळत पाठ सरळ केली होती, मी बोलले नाही, उगाच पुन्हा वाकेल म्हणून.

मी बाबांना विचारलं, "तुम्ही कापणार होता ना हे?"

बाबा टीव्हीकडेच पाहत होते. "कापाले बसलोच होतो. तुही माय मागं येऊन उभी राहिली. म्हने, राहू द्या तेवढं. तेवढीच त मी आहो त्याच्यात."

मामानं मान खाली घातली. मुलीनं तो प्रसंग परत पहिल्यापासून लावला.

"मले वाटलं, नुसतं कापू नोका म्हनून राहिली," बाबा म्हणाले. "कॅमेरा तिथंच होता, टेबलावर. तिले दोनदा म्हनाले पायजे होतं मी."