काचेला चोळलेली तंबाखू

माझ्या आईची एक खरी आठवण मी खोटी ठरवली. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली.

मी, विश्वास दत्तात्रय गाडेकर, बी. कॉम., वय बावन्न, एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक. आज आईचे वर्षश्राद्ध झाले. माझी चूक ज्यांच्यासमोर घडली नाही, त्यांच्यासमोरही ती मान्य करावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

गेल्या वर्षीची जुलैमधली दुपार. बाहेर पाऊस. ऑफिसला सुट्टी.

टीव्हीवर कुठलातरी जुना सिनेमा लागला होता. नायक-नायिका मोटारीतून घाट चढत होते, काचेवर धो धो पाणी, आणि वायपर इकडून तिकडे.

आई पलंगावर पडून पाहत होती. एकदम म्हणाली, "ह्यास्नी वायपर तरी हाय. आमचा तर मोडका हुता."

"कुठला वायपर, आई?"

"तुझ्या बापाच्या ट्रकचा. आमी भंडारदऱ्याला गेल्तो तवा. दुष्काळाच्या साली. तू पोटात हुतास."

हे मी प्रथमच ऐकत होतो.

वडील श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आई पाथर्डीकडच्या आमच्या गावी, दुष्काळी कामावर. भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या राजूरच्या बाजाराला धान्य पोचवायचे होते. वडील आदल्या दिवशी गावी आले आणि म्हणाले, "चल, तुला पानी दावतो."

आई सांगत होती, आणि तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"वरीसभर खडी फोडली रे. हंडाभर पान्यासाठी कोसभर जायाचं. आनि तिकडं बघते तर डोंगरावरनं नुसतं पानीच पानी. मला रडू आलं. तुझा बाप म्हनला, येडे, रडतीस कशापायी? पानी कमी पडलं व्हय? आनि लई हासला."

वडील हसले?

मी त्यांना एकोणतीस वर्षे पाहिले. हसताना पाहिल्याचे आठवत नाही.

"मग वायपर मोडला. म्होरचं काय बी दिसंना. त्यांनी चंचीतली तंबाखू काढली, वली केली, नि खाली उतरून काचेला चोळली. पानी धरंना काच. समदं साफ दिसाया लागलं."

इथे मी बोललो.

माझ्या तीन हरकती होत्या आणि त्या मी क्रमाने मांडल्या. दुष्काळ बहात्तरचा, माझा जन्म चौऱ्याहत्तरच्या जानेवारीतला, तेव्हा दुष्काळाच्या साली मी पोटात असणे शक्य नाही. दुसरे, दुष्काळाच्या साली एवढा पाऊस कुठला? तिसरे, तंबाखूने काच साफ होत नाही, उलट घाण होते.

"तू पाहिलेला एखादा सिनेमा आणि वडिलांची गाडी, यांची तुझ्या मनात सरमिसळ झाली आहे," असेही म्हणालो. आवाज चढवला नाही. आवाज न चढवता बोलण्याचा मला अभिमान आहे. होता.

आई टीव्हीकडे वळली.

"आसंल बाबा. तू शिकलेला हाईस."

मग म्हणाली, "बंद कर ते."

मी बंद केला.

पुढच्या तीन आठवड्यांत तिने औषधाची वेळ विचारली, पाणी मागितले, नातवाची परीक्षा कशी झाली ते विचारले. भंडारदरा पुन्हा काढला नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात वर्षश्राद्धाचे ठरवायला मावशीकडे गेलो. आईची धाकटी बहीण. बोलता बोलता दुष्काळाचा विषय निघाला. मी म्हणालो, त्र्याहत्तरच्या जूनमध्ये पाऊस आला आणि दुष्काळ संपला.

मावशी माझ्याकडे बघून हसली.

"पाऊस पडला म्हून दुष्काळ सरतो व्हय रे? जात्यात काय पाऊस दळायचा? बाजरी घरात आली, दसऱ्याच्या म्होरं. तवा सरला आमचा दुष्काळ. तवर सरकारी सुकडीवरच हुतो की."

मी चहाचा कप खाली ठेवला.

म्हणजे आईची ती फेरी त्र्याहत्तरच्या श्रावणातली. पाऊस सुरू झालेला, बाजरी अजून शेतात, आणि मी पोटात.

आईचे एकही वाक्य चुकलेले नव्हते. तिने दुष्काळ धान्याने मोजला होता. मी कॅलेंडरने.

काल एकटाच गाडी घेऊन निघालो. संगमनेर, अकोले, राजूर. पाऊस अपेक्षेप्रमाणे होता. मला थकवा फार होता. तो वर्षभर आहे.

राजूरला एका टपरीशी थांबलो. गल्ल्यावर सत्तरीच्या पुढचे एक बाबा.

"बाबा, तंबाखूची पुडी द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग गाडीकडे.

"खायाची का काचंची?"



"काचेची."

"मंग ही घ्या. मोठ्या पानाची. वली करून चोळा. वायपर मोडला का?"

"नाही. चालू आहे."

"मंग वो? आता कोन करतंय आसलं! कुनी शिकवलं?"

"आईने."

"डायव्हर हुती का काय आई?" ते हसले.

"नाही. शेजारी बसली होती."

भंडारदऱ्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. पावसात उतरलो, तंबाखू ओली केली, काचेला चोळली. आत येऊन वायपर बंद केला.

पाणी काचेवर ठरत नव्हते. घसरून जात होते.

समोर डोंगर दिसत होता, आणि डोंगरावरून येणारे पाणी. सगळे साफ दिसत होते.

शेजारची सीट रिकामी होती.

आई, तुझे बरोबर होते. तिन्ही ठिकाणी. आणि वडील हसले होते, हेही मी आता मान्य करतो.

हे तुझ्या पलंगाशी बसून म्हणायला हवे होते. उशिरा म्हणतो आहे. माफ कर, आणि सुखाने जा.

तुझा,
विश्वास दत्तात्रय गाडेकर
श्रीरामपूर, २ ऑगस्ट