लंगडा फालेह आणि आमचा सलीम

भुतंखेतं, जिन, आसेब... मी यातलं काहीच मानत नव्हतो. आजही दुसऱ्या कुणी सांगितलं तर हसेन. पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

मी दापोलीकडचा. कुवेतला मीना अब्दुल्लात स्टोअरकीपर आहे. माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, मुलगा सलीम खैरानच्या पलीकडे, सौदी बॉर्डरजवळ उंट राखायचा. मागच्या उन्हाळ्यात तो गायब झाला. मालकाला फोन केला तर म्हणाला, "भाग गया. केस कर दिया." म्हणजे आमचा सलीम फरारी! आईला विचारल्याशिवाय शर्टसुद्धा न घेणारा पोरगा...

सुट्टीच्या दिवशी मित्राची जीप घेऊन एकटाच शोधायला गेलो. सलीमच्या तंबूशेजारी एक म्हातारा बदू, वाळवंटातला भटका अरब, राहायचा. त्याने चहा दिला आणि मोडक्या हिंदीत लंगड्या फालेहची गोष्ट लावली. फालेह जुन्या काळातला, बॉर्डरवरून चोरून चहा-कापड नेणारा. शिपायांची गोळी गुडघ्यात घेऊनही निसटला. शेवटी ज्यांच्या घरी जेवला, त्यांनीच त्याला धरून दिला. कबर कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही.

"अभी भी घूमता," म्हातारा म्हणाला. "जो रास्ता भूला, उसको लेके आता."

माझं डोकंच फिरलं. "तो मेरे भाई को क्यों नहीं लाया, चाचा?"

म्हाताऱ्याने माझ्या पेल्यात पुन्हा चहा ओतला.

परत निघालो आणि धुळीचं वादळ उठलं. भर दुपारी बॉनेटसुद्धा दिसेना. रस्ता कुठे, काही कळेना. तेवढ्यात समोर एक माणूस... डोक्याला फडकं, खांद्यावर लांब बंदूक, एक पाय ओढत चाललेला. त्याने हाताने 'ये' म्हणून खुणावलं. मी हळूहळू गाडी त्याच्या मागे नेली. काच खाली करून ओरडलो, "सलीम को देखा क्या?" तो वळला नाही. एका काटेरी झुडपापाशी थांबला. मी ब्रेक मारून उतरलो — तर कुणीच नाही.

झुडपाखाली सलीम होता. कधीचाच गेलेला. शेजारी पाण्याचा रिकामा कॅन, मुठीत उंटाचं तुटलेलं दावं. पळाला नव्हता तो... मालकाचाच सुटलेला उंट शोधत होता.

वादळ निवळल्यावर पाहिलं. गाडीच्या आडोशाला माझ्या टायरचे ठसे अजून उरले होते. त्यांच्यापुढे त्या माणसाची पावलं नव्हती.

मालकाने केस मागे घेतली, बस्स. सॉरीसुद्धा म्हणाला नाही. फोनवर खालाने एकच विचारलं, "शेवटी पाणी तरी मिळालं का रे त्याला?"

तो माणूस कोण होता, मला आजही कळलेलं नाही. फालेहच असेल, तर त्याचा मला रागच येतो. माझ्याकडे गाडी होती, डिकीत पाण्याच्या बाटल्या होत्या. मला कशाला वाट दाखवलीस? सलीम तिथे तडफडत होता तेव्हा कुठे होतास?

तिकडच्या तंबूंतून आता नवी गोष्ट फिरतेय — फालेहने वादळात एका हिंदी माणसाला त्याच्या भावापर्यंत नेलं. ऐकणारे वाहवा करतात. भावाचं नाव काय होतं, हे अजून कुणीही विचारलेलं नाही.