काचेबाहेरची पुडी

हमीदाचाची फरशी पुसत पुसत उलटी दाराकडे जायची. पाठ दाराला, तोंड माझ्याकडे. "पुसलेल्यावर पाय पडता नये, गो बाय," म्हणायची. रियाधच्या हॉस्पिटलातल्या त्या खोलीतून जाणाऱ्या प्रत्येकाची मला शेवटी पाठ दिसे. एक तिची सोडून.

माझ्या बोन मॅरोने रक्त बनवणं सोडलं होतं. आधी केमोने उरलासुरला मॅरो संपवायचा, मग दादाचा मॅरो माझ्या शिरेतून सोडायचा, आणि तो रुजेपर्यंत मी दोन दारांच्या आत, न उघडणाऱ्या खिडकीशी. डॉक्टरांनी इंग्रजीत सगळं समजावलं. माझी शाळा इंग्रजीच. शब्द न् शब्द कळला. तरी एक प्रश्न उरला, तो त्यांना विचारायची लाज वाटली. शेवटी चाचीलाच विचारला, "बरं करायचंय, तर आधी संपवायचं कशाला?"

चाची दापोलीकडची. तिने मॉप पिळला. "भात पेरायच्या आधी आम्ही राब भाजतो. पाला, शेण पसरायचं नि पेटवायचं. जमीन काळी ठिक्कर. मग बी टाकायचं."

"आणि नाही रुजलं तर?"

"ते मना इचारू नको. आपण बांधावर बसायचं."

माझ्याशी खोटं न बोललेली ती तिथली पहिली व्यक्ती.

एकदा गाऊन-मास्क घालून आलेल्या आईने गावच्या देवीचा अंगारा माझ्या उशीखाली सरकवला. पलंगाचा कठडा पुसताना चाचीला पुडी दिसली. माझ्या पांढऱ्या पेशी तेव्हा संपल्या होत्या. चिमूटभर राखही मला महागात पडली असती. आईने हात जोडले, "टाकू नका हो."

"टाकत नाय. पण आत नाय ठेवायची."

तिने पुडी बाहेर नेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि कॉरिडॉरकडच्या काचेला पलीकडून चिकटवली, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. "देवी काचेतनं बघील. मी नाय बघत नातवाला मोबाइलात? चालायला लागला तो. कंपनी सुट्टी देईल तेव्हा जाईन."

रोज सकाळी नर्स फळ्यावर माझ्या पेशींचा आकडा लिही. चाची डोकावे. "आज पण अंडंच?" मी मान हलवी. असे किती दिवस गेले, मोजायचं मी सोडून दिलं. एका सकाळी शून्याच्या जागी आकडा होता. छोटासाच. चाची मॉप धरून फळ्यासमोर उभी राहिली.

"उगवलं गो!" म्हणाली, आणि भिंतीकडे वळून डोळे पुसले. तिची पाठ मी पहिल्यांदाच पाहिली.

मला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी ती पुढच्या पेशंटसाठी खोली धुवायला आली. आभाराचं एक वाक्य मी मराठीत पाठ केलं होतं. त्याऐवजी मी तिच्याकडे तोंड ठेवून उलटी उलटी दाराकडे निघाले.

"सरळ चाल गो, पडशील!" ती हसली.

दार मिटलं तेव्हा ती आत होती.