टेबलाखालची पेटी

सौंसरजवळच्या परदेशी यंत्र-कंपनीत कवडूजी बावीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. जगभरच्या कारखान्यांना जोडणारी नवी संगणक प्रणाली त्या सकाळी सुरू झाली, आणि दहा वाजताच एक यंत्र ऑइल सीलसाठी, तेलगळती रोखणाऱ्या रबरी कडीसाठी, अडलं. संगणकावर शिल्लक शून्य होती.

"नागपूरहून उद्या येईल. तोवर काम बंद," प्रणाली बसवायला पुण्याहून आलेली प्राजक्ता म्हणाली.

कवडूजींनी टेबलाखाली पाहिलं. अडीअडचणीला म्हणून ते थोडा माल तिथल्या पेटीत नोंदीबाहेर ठेवत. नव्या प्रणालीसाठी सगळा माल मोजला, त्या दिवशी ती पेटी दाखवायला ते धजले नव्हते. आता काढली, तर निवृत्तीला दोन महिने असताना चोरीचा डाग लागणार होता.

दारातून फोरमन गजेंद्र ओरडला, "काका, काय करून राहिले? पोरं रिकामे बसले ना!"

कवडूजींनी टेबलाखालची पेटी ओढून प्राजक्तासमोर उघडली. आत चार सील होते, आणि बरंच काही. "साधा वायसर घरी नेला नाही, पोरी. पण लपवलं, हे खरं."

तिने पेटीतला माल मोजला. मग म्हणाली, "मोजणीची यादी संध्याकाळपर्यंत उघडी आहे, हे त्यात चढवते. एक सील गजेंद्रभाऊंना द्या. बाकीच्या मालाची जागा काय लिहू, काका?"

"टेबलाखाली," कवडूजी म्हणाले.