टँकरच्या रस्त्यावरची मॅरेथॉन

आग्नेसला राग चटकन यायचा, हे साऱ्या गास गावाला ठाऊक होतं. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. उशिरा आलेल्या मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायची आणि स्वतः त्यांच्या पुढे पळायची. चाळिशीला आलेली बाई चड्डी-बनियनवर वटार गावच्या रस्त्याने पळते म्हणून सुरुवातीला लोक हसले. तिने हसणाऱ्यांच्या अंगणात जाऊन विचारलं, "काय झालं हसायला?" पुढे कुणी हसलं नाही.

दर डिसेंबरात ती पुण्याला मॅरेथॉनला जायची आणि तिथे मात्र तिचा राग कुठल्या कुठे जायचा. एवढं मोठं शहर एका सकाळी गाड्या बाजूला काढून रस्ता पायी माणसाला देतं, याचं तिला भारी अप्रूप. अनोळखी बायका गच्चीतून टाळ्या वाजवायच्या, कुणी संत्र्याची फोड हातात कोंबायचं, कुणी "थोडंच राहिलं, ताई!" असं धडधडीत खोटं सांगायचं.

"तिथं मला कुणी ओळखत नाही, तरी सगळे माझेच असतात," ती सालोमीला सांगायची. सालोमी तिच्या भावाची मुलगी, नुकती कॉलेजात गेलेली आणि आत्याला सहज मागे टाकणारी. सत्त्याण्णव साली दोघी मिळून पुण्याला जाणार होत्या.

त्या वर्षांत टँकरांनी गावाचा जीव नकोसा केला होता. नायगावपासून विरारपर्यंत इमारती उठल्या, पण त्यांच्या नळांना पाणी नव्हतं. मग वाड्यांतल्या गोड्या विहिरींवर दांडगे पंप बसले आणि रात्रंदिवस उपसा सुरू झाला. शेजारच्या विहिरी खारावल्या, केळी पिवळ्या पडल्या, पानवेली वाळल्या. सगळ्यात मोठा पंप होता आग्नेसच्या सख्ख्या काकाच्या, फेबियनच्या विहिरीवर.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी दोघी पळत असताना वळणावर भरधाव टँकरने सालोमीला उडवलं. आग्नेस चार पावलं मागे होती. टँकर थांबला नाही. त्याच्या तोटीतून गळणाऱ्या पाण्याची ओली रेघ तेवढी रस्त्यावर लांबवर उमटत गेली.

पाय वाचला, पण पळणं गेलं.

टँकरमालक सफरचंदांची पिशवी घेऊन हॉस्पिटलात आला. "वाईट झालं, बाई. पण रस्ता काय पळायला असतो?"

आग्नेसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पिशवी उचल आणि चालता हो. नाहीतर तुझ्यासकट खिडकीतून फेकीन."

पोलीस म्हणाले, ड्रायव्हर सापडत नाही. टँकर मात्र सगळ्यांना रोज दिसत होता.

शाळेत वसुंधरा तिच्या शेजारी बसायची. ती नायगावच्या फ्लॅटमध्ये राहणारी, मराठी शिकवणारी. सगळं ऐकून ती हळूच म्हणाली, "वाईट वाटतं गं. पण टँकर बंद झाले तर आम्ही प्यायचं काय?"

"आमचं रक्त प्या!" आग्नेस ओरडली. शब्द चुकला हे तिला कळलं, पण तिने तो मागे घेतला नाही.

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात ती पायरीवर उभी राहिली. "पुण्यात रस्ता बंद होतो, कारण माणसं त्यावर उतरतात. आपण कधी उतरलो? येत्या रविवारी तिथं मॅरेथॉन आहे. मी जाणार नाही. मी इथं पळणार, टँकरच्या वेळेला. कोण येतंय?"

एक म्हातारा समजुतीने म्हणाला, "पोरी, आपली माणसं चिवट. किती राजे आले, किती तुफानं आली, आपण टिकलो. हेही जाईल."

"चिवट, चिवट म्हणून आम्हाला अजून किती चावणार?" ती कडाडली. "टिकून राहायचा कंटाळा आलाय मला!"

कुणीतरी सालोमीच्या फोटोचा फलक करायचं सुचवलं. निरोप घरी पोचला, तशी सालोमी पलंगावरूनच उसळली. "फोटो कशाला? मी मेलेय का?" फलक झाला नाही.

त्या रविवारी उजाडताना सारा रस्ता माणसांनी भरला. शाळेची मुलं आली, वाडीवाले आले, लुगडी खोचून बायका आल्या. खाडीकडची, भातशेती करणारी पुतळाबाई आली. "मना पलता येत नाय. पन मी मधी बसन," ती म्हणाली. "पानी आमचा पन गेलाय." आणि खरोखर ती रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसली. बाकीचे तिला वळसा घालून पळत राहिले, वटारपर्यंत जाऊन परत. पलीकडे टँकरांची रांग लागली. हॉर्नने कान किटले, पण कुणी हटलं नाही.

जीपमधून इन्स्पेक्टर उतरले. "परवानगी आहे का मॅरेथॉनला?"

"सालोमीला चिरडायची परवानगी कुणी दिली होती? ती दाखवा, मग मी माझी दाखवते."

फेबियन विहिरीच्या फाटकातून ओरडत होता, "घरचीच पोर पोटावर उठली!"

आग्नेस धावत त्याच्यासमोर आली. धाप लागली होती, तरी आवाज फाटला नाही. "ती तुझ्या सख्ख्या भावाची नात. एकदा तरी बघायला आलास?" काकाने फाटक आपटलं. दुपारी पंप थांबला. त्याने बंद केला की कुणी वायर तोडली, हे गावात कुणी विचारलं नाही.

उन्हं कलल्यावर वसुंधरा दिसली. एकटीच कडेला उभी होती. "सकाळपासून आमच्याकडे थेंब नाही. सोसायटीवाले मला शिव्या घालतायत, तुझी मैत्रीण म्हणून," ती म्हणाली. "तरी आले. तू बोललीस ते विसरले नाहीये मी."

आग्नेसने तिचा हात घट्ट धरला. माफी तिच्या तोंडून तेव्हाही फुटली नाही. दोघी पुतळाबाईजवळ जाऊन बसल्या.

मंगळवारी टँकर पुन्हा आले. गाव पुढच्या रविवारी पुन्हा पळालं, आणि त्याच्या पुढच्याही. शेजारची गावं त्यात आली, मोर्चे निघाले, आग्नेसवर दोन गुन्हे दाखल झाले. मग दिवसाचे टँकर थांबले, रात्रीचे चोरून चालू राहिले. फेबियनची विहीर शेवटी आपोआपच खारी झाली. पुढे कधीतरी इमारतींना नळ आले. टँकरच्या ड्रायव्हरला शिक्षा झाली नाही, ती नाहीच.

दोन हजार चार साली मुंबईची मोठी मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हा आग्नेस पहिल्याच वर्षी उतरली. अर्धवट प्यालेल्या बाटल्या पायांखाली चेंगरत होत्या आणि पाणी गटाराकडे वाहत होतं. ते बघून तिचं डोकं असं सणकलं की पळायचं सोडून ती एका धावपटूवर खेकसायला थांबली.

फूटपाथच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या सालोमीने ते पाहिलं.

"आत्या!" ती गर्दीच्या वर ओरडली. "भांडण नंतर कर! पाय उचल आधी!"