दुसरी पेटी

कापराचा वास आला की मला बाबांची भजनाची पेटी आठवते. कसर लागू नये म्हणून ते तिच्यात कापूर ठेवायचे. निजामाच्या राज्यातली गोष्ट. जवळा बाजार या गावाहून बाबांनी आणखी एक पेटी आणली, अन् आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "एका माणसाला दोन पेट्या काहून लागतात?" "हिचा सूर निराळा हाय," बाबा म्हणाले, पण ती भजनाला कधी नेईनात. बाजारातल्या कुण्या बाईसाठी तर आणली न्हाई ना, म्हणून कुणी वाजवली तर कळावं अशा बेतानं आईनं भात्याला गुपचूप सुताचा दोरा बांधला. एका दुपारी बाबा शेतात असताना तो तुटलेला सापडला. दुसऱ्या दुपारी आई नदीवर धुणं घेऊन गेल्यासारखी गेली अन् मला घेऊन अर्ध्या वाटेतून परतली. आत माझी विधवा आत्या, आमच्याकडंच राहणारी बाबांची बहीण, हळूच पेटी वाजवत होती. विधवेनं वाजवणं म्हणजे तेव्हा गावभर बोभाटा. तेवढ्यात शेजारीण आलीच. "कोण वाजवून राहिलं वो? मालक तर शेतात दिसले मला." आईनं दार ओढून घेतलं. "आले माघारी. नवी पेटी पाहून राहिले." "दोन-दोन पेट्या?" "लागतात बाई एका माणसाला." शेजारीण जाईपर्यंत आई दारातच उभी राहिली. त्या पेटीत आता मी कापूर ठेवते, अन् दुसरी कशाला म्हणून कुणी विचारलं तर आईचंच उत्तर देते.