इंग्रजीच्या तासाला खिडकीखाली

नव्वदच्या दशकात भवानीनगरजवळच्या एका हायस्कुलात मी दहावीला इंग्रजी शिकवायचो. नोकरी अजून कायम झाली नव्हती, त्यामुळं जो तो मला संस्थेचा हेर वाटायचा. त्यात हा माणूस उगवला. डेअरीला दूध घालून यायचा, रिकाम्या किटल्या अडकवलेली सायकल भिंतीला टेकवायचा आणि नेमका इंग्रजीच्या तासाला वर्गाच्या खिडकीखाली उकिडवा बसायचा. आत कधी बघायचा नाही, पण कान आमच्याकडंच. विडी काढायचा, बोटांत फिरवायचा आणि न पेटवताच परत खिशात ठेवायचा. एवढा शिस्तीचा माणूस उगाच येऊन बसत नाही.

धड्यातली एक ओळ वाचायची आणि मग ती मराठीत ऐसपैस समजावायची, ही आम्हां सगळ्या इंग्रजीच्या मास्तरांचीच पद्धत. एक दिवस ओळ अर्धी सोडून मी बाहेर गेलो.

"कुणी पाठवलंय तुम्हांला?"

तो गडबडीनं उठला. "कुणी न्हाय, गुरुजी. पोरगी हाय आत. म्हणली, सर इंग्रजी लई भारी शिकवत्यात. म्हणून ऐकाय बसतोय."

"मग?"

त्यानं आवाज खाली आणला. "मी शाळेची पायरी चढलो न्हाय. तरी तुमचं समदं कळतंय मला. इंग्रजी कवा सुरू करनार?"

त्याला कुणीतरी पढवून पाठवलंय, याची मला आता खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मी खिडकी लावून घेतली आणि धड्याचा अर्थ सांगू लागलो. मराठीतच, पण हळू आवाजात.